रात्री दोनच्या फोटोला उत्तर

सातारा, रविवार सकाळ

प्रिय पोरी,

तुझा फोटो रात्री दोनला आला होता, मी सकाळी चहा घेताना पाहिला. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड, छोटीचा वरचा ओठ तुझ्या अंगठ्यानं उचललेला, आणि खाली एकच ओळ : "मावशी, हे माझ्या दुधामुळे झालं का?" फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस, मी समजूत काढत बसते आणि कामाचं बोलायचं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी फोटोत काय दिसतंय ते. वरच्या समोरच्या चार दातांपैकी मधल्या दोघांवर हिरडीलगत तपकिरी खड्डे आहेत. कडेच्या दोघांवर खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ आहे. खालचे दात चकचकीत. दोनेक वर्षांच्या वयात दात किडतात ते बहुतेक असेच. दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर येते आणि जिभेखालची लाळही तिथंच साचते, म्हणून ते वाचतात. वरचे चार उघडे पडतात. पांढरी रेघ म्हणजे दातातले क्षार झिरपून गेलेत, पण वरचं कवच अजून शाबूत आहे. ती परतवता येते. तपकिरी खड्डा भरून येत नाही, पण तिथंच थांबवता येतो. म्हणजे तुझ्या हातात दोन दात परतवण्याचं आणि दोन दात थांबवण्याचं काम आहे.

आता माझं ऐक. तुझ्या आईलाही हे नीट माहीत नाही.

माझ्या मुलाचे दात किडले तेव्हा मी स्वतः दातांची डॉक्टर होते. बीडीएस होऊन सहा वर्षं झालेली, क्लिनिक चालू. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघायचं आणि रात्री तो अंगावर पिता पिता झोपला की मीही झोपायचे. त्याचा ओठ वर करून मी कधी पाहिलाच नव्हता. बावीस महिन्यांचा असताना टोस्ट खाता खाता त्याच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला. साबुदाण्याएवढा तुकडा माझ्या तळहातावर आला, तेव्हा कळलं. ज्या ज्येष्ठ डॉक्टरांना दाखवलं त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आजपासून दूध तोडा." मी तोडलं. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला वाटून दिला, तो लावला. पोरानं तोंड लावलं, माझ्याकडं बघितलं, आणि रडायच्या आधी थोडा वेळ नुसता बघतच राहिला. तीन रात्री घर झोपलं नाही. चौथ्या रात्री कुणीतरी साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली आणि तो शांत झाला. मग रोजच ती बाटली. सहा महिन्यांत चार दातांचे आठ झाले, दोन दाढाही गेल्या.

म्हणून कुणी "आजच तोड" म्हणालं, तर मान हलव आणि घरी ये. कमी करायचंच असेल तर कमी करू, पण अंगावरचं काढून त्या जागी काय येणार हे आधी ठरवल्याशिवाय नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र टाळणार नाही. आईच्या दुधाबाबत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आईच्या दुधानं दात किडूच शकत नाहीत. दुसरा म्हणतो, वर्षानंतर पाजणं म्हणजे दातांशी वैर. मला दोन्ही पटत नाहीत. आईच्या दुधात साखर असते. ती लॅक्टोज असते, शंभर मिलिलिटरला साधारण सात ग्रॅम. दाताला ती आपल्या खाण्यातल्या साखरेइतकी बाधत नाही. पहिल्या वर्षात अंगावर पाजल्यानं दातांचं नुकसान होत नाही, झाला तर फायदाच होतो. वर्षानंतर मूल जेवायला लागतं, दातांवर अन्नाचा थर राहतो, आणि त्या थरावर रात्रभर दूध येत राहिलं की धोका वाढतो. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे धुऊन काढायला कुणी नसतं. दुसरीकडं जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजा म्हणते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुझ्या दुधाचा यात वाटा असेल, पण तो एकट्याचा नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठाही नाही.

सगळ्यात मोठा वाटा कुणाचा हे पाहायचं तर कालचा दिवस कागदावर लिहून काढ. मी अंदाज करते. उठल्यावर दुधात बुडवलेलं बिस्किट. आजोबांच्या मांडीवर चहातली खारी. दहा वाजता गूळ घातलेलं नाचणीसत्त्व. मग कुणीतरी हातात दिलेला खजूर. संध्याकाळी देवळातून आलेले साखरफुटाणे. रात्री तापाचं गोड सिरप. "आम्ही साखर देतच नाही" असं मला कितीतरी आयांनी सांगितलंय, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या हिशेबात गूळ, मध, खजूर ही साखर नसतेच. दाताला ही नावं कळत नाहीत. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. काही खाल्लं की साधारण अर्धा तास तोंड आंबट राहतं, मग लाळ ते सावरते. दिवसातून चारदा खाल्लं तर लाळेला सवड मिळते. दहादा खाल्लं तर मिळत नाही. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोज.

यावरून सासूबाईंशी भांडू नकोस. खाऊ बंद म्हटलं की घराचं युद्ध होतं. गोड द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर द्यायचं, मधल्या वेळेत नाही, एवढंच सांग. जेवणाला जोडलेला शिरा चालेल, दुपारभर चघळलेली चिक्की नाही. आणि छोटीचं सकाळचं ब्रशिंग त्यांच्याकडं सोपव. काम दिलं की माणूस आपल्या बाजूचं होतं.

जाता जाता, "कीड" या शब्दानं आपला मोठा घोटाळा केलाय. माझ्याकडं खेड्यातून येणारी माणसं अजून विचारतात, किडा निघाला का? काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन किडा पाडल्याच्या गोष्टी सांगतात. दातात किडा नसतो. घरी कुणी धुरीचं काढलं, तर ऐकून घे आणि छोटीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा.

आता ब्रश. तू कसा करतेस ते मी दिवाळीत पाहिलंय. समोर उभं करून, ती हसतेय, तू हसतेयस, ब्रश खालच्या दातांवर दोनदा फिरला की झालं. तसं नाही. पलंगावर तू बस, तिचं डोकं तुझ्या मांडीत, पाय बाबाकडं. डाव्या हाताच्या बोटानं वरचा ओठ उचल. ओठाच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, त्यावर बोटाचं पेर आडवं ठेव, म्हणजे ब्रश तिथं लागणार नाही. मुलं ब्रशला घाबरतात ती बऱ्याचदा त्या पडद्याला लागल्यामुळेच. मग हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ब्रश बारीक बारीक हलव. ती रडेल. रडली की तोंड मोठं उघडतं, आतल्या दाढा तेव्हाच उरकून घ्यायच्या. हे क्रूर वाटतं, पण दीड मिनिटाचं काम आहे, आणि पंधरा दिवसांत रडणंही कमी होतं.

पेस्ट फ्लोराइडचीच घे. ट्यूबवर बारीक अक्षरात पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग) आकडा असतो, तो १००० च्या आसपास हवा. कार्टूनच्या पुष्कळ ट्यूबांत तो निम्मा असतो किंवा फ्लोराइड नसतंच. प्रमाण तांदळाच्या दाण्याएवढं, तीन वर्षांपर्यंत तेवढंच. चूळ भरायला लावू नकोस, फेस फडक्यानं टिपून घे. दिवसातून दोनदा कर, आणि एकच जमणार असेल तर रात्रीचा. एक गोष्ट तुझ्यासाठी खास : फ्लोराइड हवं ते पेस्टमधलं, पाण्यातून जास्त पोटात जाणारं नको. उन्हाळ्यात तुम्ही दोन-दोन महिने यवतमाळला सासरी राहता आणि तिथं बोअरचं पाणी पिता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी प्यायचं नाही. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत माग आणि डॉक्टरांनाही सांग.

रात्रीचं प्यायचं कसं कमी करायचं? क्रम बदल. आधी पाज, मग ब्रश, मग गोष्ट आणि झोप. आत्ता तुझा क्रम जेवण, खेळ, ब्रश, मग पिता पिता झोप असा आहे. बदललास तर पहिले चार दिवस वाईट जातील. मध्यरात्री उठली तर पाज, पण गिळण्याचा आवाज थांबून नुसतं चोखणं सुरू झालं की तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडव. पहाटेच्या वेळी बाबाला पाठव, वाटीभर पाणी आणि थोपटणं. त्याच्याकडं दूध नाही हे तिला कळतं, म्हणून तिथं ती लवकर हार मानते. दर पाजण्यानंतर ओल्या फडक्यानं दात पुसा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. जमलं तर कर. रात्री तीनला कुणालाही रोज जमत नाही, मलाही जमलं नसतं. झोपण्याआधीचा ब्रश मात्र चुकवू नकोस.

उपचारांचं. नुसत्या दातांच्या डॉक्टरांकडं नको, बालदंतरोगतज्ज्ञ शोध. पुण्यात भरपूर आहेत, दंत महाविद्यालयांत त्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्चही बराच कमी येतो. तुझ्या ओळखीत कुणाला सांगायचं असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

पहिल्या भेटीत डॉक्टर आणि तू समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसाल. छोटी तुझ्याकडं तोंड करून तुझ्या मांडीवर, तिचे पाय तुझ्या कमरेभोवती, आणि मग ती मागं डॉक्टरांच्या मांडीवर आडवी होईल. तिला तुझा चेहरा दिसत राहतो. तपासणी दोन मिनिटांत होते आणि ती संपली की लगेच छातीला घे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. त्या खोलीत भूल नसलेलं सगळ्यात चांगलं औषध तुझ्याकडंच आहे.

पांढऱ्या रेघांवर फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे फ्लोराइडचा पातळ लेप लावतील. ते दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात, एक दिवस दात पिवळट दिसतात, घाबरू नकोस. तपकिरी खड्ड्यांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड सुचवतील. सुई नाही, ड्रिल नाही, थेंबभर औषध लावायचं. २०२१ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरात हलकल्लोळ होतो. लग्नाच्या फोटोत काळे दात दिसतील म्हणून नको म्हणणारे आजोबा मी पाहिलेत. माझं मत विचारशील तर दोन वर्षांच्या मुलीचा काळा दात मला भूल देण्यापेक्षा बरा वाटतो. पुढं ती शांत बसायला लागली की त्यावर पांढरं भरता येतं.

दाढाही खूप गेल्या असतील, कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली असेल, तर पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळं करायचा सल्ला मिळेल. तेव्हा भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांग की ती अंगावर पिते. साधारण नियम असा : अंगावरचं दूध भूल देण्याच्या चार तास आधीपर्यंत, गाईम्हशीचं दूध आणि जेवण सहा तास आधीपर्यंत. पण ते सांगतील तीच वेळ अंतिम. सकाळचा पहिला नंबर माग. त्या चार तासांत तिला तू घेऊ नकोस, बाबाकडं दे. तुझ्या अंगाला दुधाचा वास येतो आणि ती मागणारच. दूध हातानं काढून टाक, नाहीतर छाती दगडासारखी होईल. नुसतं हिरडीत इंजेक्शन दिलं असेल तर बधिरपणा जाईपर्यंत दोनेक तास थांबून पाज. ओठ-जीभ बधीर असताना मुलांना आपण किती जोरात चावतोय ते कळत नाही, आणि चावणार तुलाच. माझ्या एका पेशंटच्या आईनं हे मला ऐन दवाखान्यात ओरडून शिकवलं.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे तुला दहा जण ऐकवतील. समोरचे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात, मागच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. तोवर जेवायचं कशानं? गाल सुजला, हिरडीवर पुवाची पुळी आली किंवा दातदुखीबरोबर ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस.

दुपारी तीननंतर मी मोकळी आहे, तेव्हा फोन कर. त्याआधी छोटीला खिडकीशी आडवी घेऊन दिवसाच्या उजेडात आणखी फोटो काढ. दात कापसानं कोरडे करून घे, पांढरी रेघ ओल्या दातावर नीट दिसत नाही. आणि या वेळी दाढांचाही काढ, कालच्या फोटोत त्या दिसतच नाहीत.

तुझी
मावशी