वाचकांचे प्रश्न : निबंधाचा तास आणि वर्गातला गलका

प्रश्न : चौथीत ३८ मुलं आहेत. निबंधाच्या तासाला गलका होतो, निम्मी मुलं फळ्यावरचं उतरवून मोकळी होतात. पुढच्या शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत) वर्गशिस्त आणि सर्जनशील लेखन यांवर दोन तासांचं सत्र माझ्याकडे आलंय. काय घेऊ?
– एक शिक्षिका, शिरपूर तालुका

उत्तर : दोन्ही विषय एकत्रच घ्या. लेखनाच्या तासाला गलका होतो तो बहुधा पहिली ओळ सुचत नाही म्हणून.

आधी शिक्षकांनाच ६ मिनिटं ‘पावसाळा’ या विषयावर लिहायला लावा. थोड्याच वेळात शेजाऱ्याशी गप्पा सुरू होतील. मग विषय बदला : ‘कापूस वेचताना बोटांना काय होतं?’ सुकलेल्या बोंडाची टोकं, नखाजवळचे ओरखडे, कमरेच्या झोळीचं ओझं... आता पेन थांबत नाहीत. विषय अरुंद का हवा, हे वेगळं समजवावं लागत नाही.

नंतर ३५ मिनिटांची तासिका करून दाखवा. ५ मिनिटं खरं बोंड हातोहात फिरवा, ५ मिनिटं जोडीत सांगणं, १० मिनिटं शांतपणे लिहिणं, उरलेल्या वेळात चौघांच्या गटात वाचन. तास बिघडतो तो या टप्प्यांच्या सांध्यांत. कागद वाटून झाल्यावर सूचना दिली तर कोणी ऐकत नाही. म्हणून सूचना आधी, कागद नंतर. सूचना तीनच, फळ्यावर लिहिलेल्या, आणि एका मुलाकडून वदवून घेतलेल्या. गलक्यावर आवाज चढवला की वर्गही चढवतो. ठरलेल्या जागी हात वर करून गप्प उभं राहा. एखादा उठलाच तर लांबून नाव पुकारू नका, जवळ जाऊन हळू सांगा. लवकर संपवणाऱ्यांसाठी फळ्यावर एक जादा प्रश्न हवाच (‘वास कसा होता?’), नाहीतर पुढचा दंगा तिथूनच.

हे सगळं सहा-सहांच्या गटात करून पाहा : एक शिक्षक, पाच ‘मुलं’, त्यातलं एक मुद्दाम पेन्सिल पाडणारं. शिक्षक लाजतात, पण व्याख्यानापेक्षा हे कितीतरी कामाचं. शेवटी प्रत्येकाने दोन आठवड्यांसाठी एकच बदल निवडावा. सहकाऱ्याने १० मिनिटं वर्गात बसून एवढंच टिपावं : सूचनेनंतर तिसऱ्या मिनिटाला किती मुलं लिहीत होती? पुढच्या परिषदेला पाच वह्या आणा. त्यात जेमतेम दोन ओळी लिहिणाऱ्याची एक हवीच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) शिक्षकांना दरवर्षी ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. ते हजेरीपटावर सहज भरतं, वर्गात मात्र असल्या पाठपुराव्यानेच पोचतं.

आणि हो, ‘शंभर वेळा लिही’ ही शिक्षा बंद. शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. शिवाय शिक्षा म्हणून लिहिलेल्या मुलाला लेखनाची गोडी लागणार कशी?

प्रश्न : एक मुलगी ‘मना बाप वावरमा गया’ (माझा बाप शेतात गेला) असं अहिराणी बोलीत लिहिते. लाल पेनाने दुरुस्त करू का?
– एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : पहिल्या खर्ड्यात नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. तसंच या मुलीचं म्हणणं आधी कागदावर येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन प्रमाण मराठीत, माणसांची बोलणी अहिराणीत ठेवायला सांगा. एका वेळी तीनच जागांखाली पेन्सिलीने रेघ मारा. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा : माले – मला, वावरमा – शेतात. भर मुलांनीच घालावी. धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलांना मराठी याहून लांबची वाटते; तिथे वरच्या वर्गातलं त्याच बोलीचं मूल लेखनिक म्हणून शेजारी बसवा.