दोनदा परत आलेल्या, घाबरट आणि अंगावर धावून जाणाऱ्या शेल्टरमधल्या कुत्रीला घर कसं मिळवून द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शेल्टरमध्ये तीन-साडेतीन वर्षांची देशी कुत्री आहे. ओळखीच्या दोघा-चौघांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते, पण अनोळखी माणूस किंवा दुसरं कुत्रं दिसलं की लीश तुटेस्तोवर ओढ घेत भुंकते. दोन घरांनी नेली, दोघांनीही परत आणून सोडली. तिला घर मिळेल का, आणि मिळवायचं तर कसं?

मिळेल. पण ‘हिला फक्त प्रेमाची गरज आहे’ असं लिहून मिळणार नाही. मी पुण्याजवळच्या एका छोट्या शेल्टरसाठी दत्तक देण्याचं काम बघते. चौकशीचे फोन घेणं, घरं बघून येणं, दिल्यानंतर पाठपुरावा करणं, हे सगळं. अशा कुत्र्यांच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय: आधी घर बघायचं, माणूस नंतर. घर म्हणजे जिना, लिफ्ट, गेट, दिवसभरातली येणीजाणी. चांगल्या मनाची माणसं पुष्कळ भेटतात. पण अकराव्या मजल्यावर राहणारी चांगल्या मनाची माणसं तुमच्या कुत्रीच्या उपयोगाची नाहीत.

का, ते सांगते. घाबरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. तेवढ्या अंतरावर समोरचा माणूस किंवा कुत्रं दिसलं तरी ते तुमच्या हातातला चिकनचा तुकडा घेतं, तुमच्याकडे वळून बघतं. त्याच्या आत कुणी आलं की खाणं बंद, ऐकणं बंद. आता सकाळी सातची लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. ही कोपऱ्यात उभी आहे. चौथ्या मजल्यावर दार उघडतं, दप्तरं घेतलेली दोन मुलं, मागे कुणाचा तरी लॅब्रेडॉर. पळायला जागा नाही. ती भुंकते, झेप घेते, मुलं किंचाळून मागे सरकतात, दार बंद होतं. तिच्या दृष्टीनं उपाय लागू पडला: भुंकलं की संकट जातं. हे दिवसातून चार वेळा घडलं की भीती उतरायला वेळच मिळत नाही, एकावर एक चढत जाते, आणि संध्याकाळी नुसती डिलिव्हरीवाल्यानं बेल वाजवली तरी स्फोट होतो. घरातली माणसं म्हणतात, ‘आज बेलला काय झालं हिला?’ बेलला काही झालेलं नसतं, सकाळपासून साठलेलं असतं. तुमची कुत्री ज्या दोन घरांतून परत आली ती फ्लॅट होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, होती.

(सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगू शकत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. ते छापून सेक्रेटरीच्या हातात जरूर द्या. पण त्यानं लिफ्टमधलं अंतर वाढत नाही.)

जाहिरात लिहिण्याआधी दोन गोष्टी करून घ्या.

पहिली, डॉक्टर. वागण्यात अचानक फरक पडलेला असेल तर दुखणं शोधा. कान, दात, कंबर, सांधे. आपल्याकडे गोचीड तापही फार. रक्त तपासल्याशिवाय तो नाही असं धरू नका. अंगात कणकण असलेल्या कुत्र्याला कुणी हात लावलेला नको असतो. शरीर ठीक असेल आणि तरीही ती सतत ताणात असेल, तर व्हेटशी औषधाबद्दल मोकळेपणानं बोला. फ्लुओक्सेटिनसारखी भीती-चिंता कमी करणारी औषधं कुत्र्यांना देतात, असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यानं कुत्रं गुंगीत पडून राहत नाही. शिकायच्या अवस्थेत येतं. ‘बिचारीला गोळ्या कशाला’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पिंजऱ्यात दिवसभर थरथरत बसणं त्यांना कसं चालतं कोण जाणे.

दुसरी गोष्ट, फोस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर. शेल्टरमधल्या केनेलमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, कुत्रं जसं वागतं त्यावरून घरातलं वागणं सांगता येत नाही. चाळीस कुत्री एकसुरात भुंकत असताना, जाळीच्या पलीकडून माणसं जात-येत असताना शहाणं कुत्रंही वेडं होतं. उलटंही होतं: केनेलमध्ये गप्प कोपऱ्यात बसणारं घरात चार दिवसांनी धीर आल्यावर दात दाखवायला लागतं. म्हणून ओळखीतल्या कुणाकडे, जिथे वर्दळ कमी आहे अशा ठिकाणी, तिला काही आठवडे ठेवा आणि रोज चार ओळी लिहून घ्या. कशाला भुंकली, किती अंतरावरून, किती वेळात शांत झाली. पुरुषांना जास्त का? हेल्मेटला? काठीला? मुलांना? दाराशी उभ्या माणसाला भुंकते पण तोच आत येऊन बसला की वास घेऊन झोपते का? ही वही तुमच्या कुत्रीची खरी ओळख. पुढची जाहिरात त्यातूनच लिहायची.

आणि जाहिरात अरुंद लिहा. बहुतेक लोक उलटं करतात. ‘थोडी लाजाळू आहे, जुळली की खूप लाडकी’ असं लिहून पन्नास फोन मिळवतात आणि त्यातलं चुकीचं घर निवडतात. मी साधारण असं लिहीन: ‘साडेतीन वर्षांची देशी मादी, नसबंदी आणि लसीकरण पूर्ण. ओळखीच्या माणसांवर जीव टाकते. अनोळखी माणसांना आणि कुत्र्यांना घाबरून भुंकते, झेप घेते; आजवर कुणाला चावलेली नाही. तळमजला किंवा स्वतंत्र बैठं घर, बंद गेट, दुसरं कुत्रं नाही, दहा-बारा वर्षांखालची मुलं नाहीत, पाहुण्यांची वर्दळ कमी. दोन वेळा दत्तक जाऊन परत आली आहे, कारणं फोनवर सांगू.’ सोबत फोटो झोपलेली, पोट वर केलेली असा टाका, जाळीमागचा नको. फोन तीनच येतील. तेवढेच हवेत.

चावल्याचा इतिहास असेल तर तो लपवू नका, आणि मोघमही सांगू नका. ‘एकदा दात लागला’ या तीन शब्दांत काहीही मावतं. इयन डनबार या व्हेटनं चाव्याची सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली आहे: पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण कातडी फुटत नाही, तिसरीत एकाच चाव्यात उथळ खुणा होतात, चौथीपासून जखम खोल होते. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या कुत्र्यासोबत शहाणं, सावध घर राहू शकतं. चौथीच्या किंवा त्यापुढच्या कुत्र्याला मी घरात देत नाही, कितीही कुणी आग्रह केला तरी. माहिती दडवून दिलेलं कुत्रं शेजारच्या मुलाला चावलं तर त्यात मूल भरडतं आणि कुत्रंही. शिवाय पाळीव प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात आधी अडकणार तो नवा मालक.

आता फोन. सगळ्यात जास्त फोन येतील ते फार्महाऊसवाल्यांचे. ‘मुळशीला आपली दोन एकर जागा आहे, मोकळी फिरेल, भुंकते म्हणता ना, मग राखणीला बेस्ट.’ ऐकायला किती छान! प्रत्यक्षात तिथे शनिवार-रविवार सोडून माणूस नसतो. राखणदार जोडपं असतं, त्यांनी कुत्रं मागितलेलं नसतं. कुंपण गुडघाभर. चार दिवसांत कुत्रं साखळीला, सहा फुटांच्या वर्तुळात. रविवारी वीस पाहुणे, गाणी, पोरं. घाबरणाऱ्या कुत्र्याला साखळी लावणं म्हणजे त्याचा पळायचा पर्याय काढून घेणं. उरतं ते चावणं. मला विचाराल तर मालक रोज तिथेच राहत असेल, कुंपण उंच आणि सलग असेल, आणि रात्री कुत्रं घरात झोपणार असेल, तरच फार्महाऊस. बाकी सगळ्यांना नम्र नकार.

दुसरा फोन हमखास येतो तो ‘मला कुत्र्यांचं सगळं कळतं’वाल्याचा. त्याला एक प्रश्न विचारा: ती गुरगुरली तर काय कराल? ‘एक फटका, पुन्हा हिंमत नाही करणार’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. योग्य उत्तर अगदी साधं असतं, ‘थांबेन, मागे सरकेन, कशामुळे झालं ते बघेन.’ हे उत्तर मला आयुष्यात कधी कुत्रं न पाळलेल्या माणसांकडूनही मिळालंय.

आमच्याकडच्या झिपरीचं उदाहरण देते, कारण ती थेट तुमच्या कुत्रीसारखी होती. तिला नेलं सासवडच्या दोन निवृत्त बहिणींनी. जुनं बैठं घर, पुढे अंगण, गेटपासून दारापर्यंत चांगलं अंतर. दोघी बोलायला कमी, वेळ पाळणाऱ्या. येणारं-जाणारं म्हणजे दूधवाला आणि धुणंभांड्याच्या मावशी. कागदावर त्या ‘अनुभवी’ नव्हत्या. पण घर बघून आल्यावर मी बाकीचे अर्ज बाजूला ठेवले. मावशींशी ओळख कशी झाली ते लिहिण्यासारखं आहे. पहिल्या दिवसांत मावशी आल्या की झिपरी आतल्या खोलीत, दार बंद, चाटायला दह्याची वाटी. मग मावशी अंगणातून जाताना, तिच्याकडे न बघता, न थांबता, उकडलेल्या चिकनचे तुकडे जमिनीवर टाकत जायच्या. हातानं भरवायचं नाही, कारण खायला म्हणून जवळ आलेल्या कुत्र्याला अचानक लक्षात येतं की आपण फारच जवळ आलोय. काही आठवड्यांनी मावशींच्या चपलांचा आवाज आला की शेपूट हलायला लागली. दूधवाल्याला मात्र ती आजही भुंकते. भुंकू दे. गेट बंद असतं.

यावरून अपेक्षा किती ठेवायची ते बघा. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं ते त्याला आयुष्यभर ‘नेहमीचं’ वाटतं. तो काळ कुठल्या तरी बांधकामाच्या साइटवर दडून गेला असेल तर तो परत आणता येत नाही. कुत्री सुधारते, पण ओळख नसलेल्या कुणाच्याही गळ्यात पडणारी होत नाही. घरच्यांना हे दत्तक देण्याआधीच स्वच्छ सांगा. दुसरीकडे, ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ म्हणत बसणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक असतात, त्यांचंही ऐकायचं नाही.

भेट घडवताना पहिली भेट शेल्टरमध्ये नको. मोकळ्या रस्त्यावर, तुम्ही लीश धरलेली, नवी माणसं वीस-तीस फुटांवरून समांतर चालणार. बोलायचं नाही, वाकायचं नाही, हात पुढे करायचा नाही. जीभ ओठांवरून फिरतेय, जांभया येतायत, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, अंग ताठ झालंय, यातलं काही दिसलं की अंतर वाढवा. एकाच दिवसात देऊन टाकू नका. दोन-तीन वेळा भेटू द्या, शेवटची भेट त्यांच्या घरी.

सोबत काय द्यायचं: नीट बसणारं हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), वेगळा गळ्यातला पट्टा आणि दोन लीश, एक हार्नेसला आणि एक पट्ट्याला. भित्री कुत्री हरवतात ती पहिल्या काही दिवसांत, दार उघडं राहून किंवा हार्नेसमधून मागे सरकत निसटून. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला हवा, कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर उत्तम. जाळीची मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला लावायचं मुसकं, शेल्टरमध्येच सवयीची करा, तिच्यात चिकन ठेवून, रोज थोडं थोडं. जाळीची अशासाठी की तिच्यात कुत्रं धापा टाकू शकतं, पाणी पिऊ शकतं. तोंड आवळणारी कापडी मझल आपल्या उन्हात घातक आहे. आणि पहिला पूर्ण महिना पाहुणे बंद. ‘कुत्रं आणलं का, बघायला येतो’ म्हणणाऱ्या आत्या-काकांना थोपवणं हेच बऱ्याच घरांना सगळ्यात जड जातं, म्हणून ही अट मी लेखी घेते. घरात रुळायला साधारण तीन महिने धरतात. घाबरट कुत्र्याला त्याहून जास्तही लागतात.

कागदावर एक ओळ ठळक हवी: काहीही कारणानं जमलं नाही तर कुत्री आमच्याकडेच परत, परस्पर दुसऱ्याला नाही आणि रस्त्यावर तर नाहीच. सुप्रीम कोर्टाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही दत्तक दिलेलं भटकं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ नये, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. परत आणणाऱ्यावर चिडू नका, नाहीतर पुढचा माणूस परत आणायच्या ऐवजी हायवेला सोडून येईल. उलट बसवून विचारा, नक्की कुठे अडलं, आणि वहीत लिहा. तुमच्या आधीच्या दोन घरांनाही आजच फोन लावा. ती माहिती फुकटात पडून आहे.

घर मिळेपर्यंत तिची केनेलमधली जागा बदलता आली तर बदला. कडेची, जिथून माणसं कमी जातात अशी, समोरच्या जाळीला अर्ध्या उंचीपर्यंत पत्रा किंवा गोणपाट लावून. रोज एकच माणूस, एकाच वेळी, निवांत वास घेत फिरवणारा. आणि घर ठरलंच तर गणपतीच्या मिरवणुकांचे दिवस आणि दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे टाळून द्या. फटाक्यांत नव्या घरातून पळालेली भित्री कुत्री शोधणं फार अवघड जातं, ती हाकेला येत नाही, ओळखीच्या माणसापासूनही लपते. घरच्यांना घाई असेल तर त्यांना तोवर दर रविवारी तिला फिरवायला बोलवा.