मराठी ब्लॉग वाढवायचा आहे, तर झेपतील अशी उद्दिष्टं कशी ठरवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही फोंड्यात राहता, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करता आणि गोव्यातली देवळं, जत्रा आणि घरचं जेवण यांवर मराठीत ब्लॉग लिहिता. सुरुवातीलाच 'रोज एक लेख' आणि 'वर्षभरात महिन्याला ५०,००० वाचक' असं ठरवलंत. दोन महिन्यांत लिखाण थांबलं, वाचक शे-दोनशेच्या पुढे सरकले नाहीत. आता उद्दिष्टं झेपतील अशी कशी करायची, आणि जाहिराती कधी लावायच्या, हे तुम्हाला विचारायचंय.

मी डिचोलीची. मीसुद्धा नोकरी सांभाळून गोव्याबद्दल मराठीत लिहिते, त्यामुळे तुमची ओढाताण मला चांगली ठाऊक आहे. आणि तुमचा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावांबद्दल मराठीत नीट, तपासून लिहिलेलं इंटरनेटवर अजून फार कमी आहे.

नुसता आकडा लहान करून काम होणार नाही. ५०,०००च्या जागी ५,००० लिहिलं तरी ते तुमच्या हातात येत नाही. किती लोक येतील हे गुगलवर, लोकांच्या सवयींवर आणि त्या आठवड्यात कुठली जत्रा आहे यावर ठरतं. तुमच्या हातात आहे ते एवढंच: किती लेख लिहायचे, कशावर, कोणाला भेटून, किती तपासून. उद्दिष्ट त्याचंच ठेवा. वाचकांचे आकडे बघायचे, पण ते पुढे कुठे वळायचं हे कळावं म्हणून.

आधी तास मोजा. बोरीच्या पुलावरून सकाळ-संध्याकाळ ये-जा, शिफ्ट, घरची कामं हे सगळं वजा करून आठवड्याला चार-पाच तास उरत असतील तर तेच तुमचं भांडवल. एका देवळावर नीट लेख लिहायचा तर तिथं जायला हवं, पुजाऱ्यांशी किंवा एखाद्या महाजनांशी, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांशी, बोलायला हवं, फोटो काढायला हवेत, मग लिहून, तपासून, पुन्हा वाचायला हवं. माझ्या अंदाजानं याला दोन शनिवार-रविवार जातात. म्हणजे महिन्याला दोन लेख. वर्षाला चोवीस लेख होतात, आणि चोवीस चांगले लेख असलेला गोव्यावरचा मराठी ब्लॉग ही लहान गोष्ट नाही. त्याखाली आणखी एक पायरी ठरवून ठेवा: घरात आजारपण, लग्नकार्य, ऑफिसातली धावपळ असेल त्या महिन्यात एकच लेख. अशी खालची पायरी आधीच ठरलेली असली की एक महिना हुकला म्हणून सगळं सोडून दिलं जात नाही.

आता काय लिहायचं. 'गोव्यातली सगळी देवळं' हे उद्दिष्ट कधी संपणारच नाही, आणि न संपणाऱ्या कामाचा कंटाळा येतो. त्यापेक्षा शेवट असलेली मालिका घ्या. तुमच्यासाठी ती रस्त्यावरच आहे. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून तुम्ही लोटलीवरून वेर्ण्याला जाता ना? सोळाव्या शतकात देव याच्या उलट दिशेनं आले. १५४३ मध्ये साष्टी, म्हणजे लोटली-वेर्ण्याचा हा दक्षिण गोव्यातला भाग, पोर्तुगिजांकडे गेली. पुढे देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी आपले देव झुवारी नदीपलीकडे नेले, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. लोटलीचा रामनाथ बांदोड्याला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळात म्हणजे आजच्या मंगेशीला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मूळची चारही गावं जुन्या साष्टीतली, तुमच्या कामाच्या ठिकाणापासून जवळ. आताची चारही देवळं तुमच्या घराजवळ. प्रत्येक देवावर एक लेख: मूळ जागा आज कशी दिसते, तिथं आता काय आहे, नव्या जागी कोणते उत्सव होतात, जुन्या गावाशी नातं कसं टिकलंय. वेर्ण्यात तर मूळ जागी म्हाळसेचं देऊळ पुन्हा उभं राहिलंय, ते सुट्टीच्या दिवशीही बघता येईल. चार लेख, महिन्याला दोन, म्हणजे दोन महिन्यांत मालिका पूर्ण. वाचकाला एकावरून दुसऱ्यावर जाता येतं, गुगललाही कळतं की या विषयावर इथं सलग काहीतरी आहे. आणि तुमच्या हाती एक पूर्ण झालेलं काम येतं. सुरुवातीच्या काळात हेच सगळ्यात जास्त बळ देतं.

या मालिकेसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस जाऊन या. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे आणि गोव्याबद्दलची पुस्तकं तिथं वेगळी ठेवलेली आहेत. 'प्रत्येक लेखात निदान एक गोष्ट अशी, जी मी पुस्तकात तपासली, आणि एक अशी, जी कोणा माणसानं मला सांगितली' हेही उद्दिष्टच आहे, आणि माझ्या मते लेखांच्या संख्येपेक्षा ते मोठं. देवळांबद्दलचे बरेच लेख एकमेकांवरून उतरवलेले असतात. तीच चूक दहा ठिकाणी दिसते. तुमच्या लेखात गावच्या माणसाचा शब्द असेल तर वाचक थांबतो.

यापुढचा मुद्दा मी थोडा विस्तारानं सांगते, कारण इतर ठिकाणच्या सल्ल्यांत तो सापडत नाही. आपलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात गोव्यात कोण लिहायला बसतं? तुम्हीही बसणार नाही, आणि बसूही नये. पण चवथीबद्दल लोक शोधतात ते त्याच्या आधीचे काही आठवडे. म्हणून चवथीचे लेख ज्येष्ठातच लिहून आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात चढवून ठेवायचे. नवीन पान गुगलला सापडून ते वर यायला वेळ लागतो, मी सहा ते आठ आठवडे धरते. हाच हिशेब उलटा मोजत प्रत्येक गोष्टीला लावा. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते, तर धोंडांच्या, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या, व्रताबद्दलचा, होमकुंडाबद्दलचा लेख शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास तयार हवा. माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, तर लेख वैशाखात. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत होड्या सोडतात, त्याचा लेख भाद्रपद सरताना. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं सामान, जसं सुकं नुस्तं (सुकी मासळी), मीठ, आमसुलं, मिरच्या, लोक एप्रिल-मे महिन्यांत भरतात. तो लेख मार्चमध्ये आला तरच कोणाच्या उपयोगी पडेल. १ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) कशी करायची हे शोधणारे बरेच असतात.

यातून वर्षाची मांडणी आपोआप होते. पावसाचे दोन महिने बाहेर फिरणं कमी, तेव्हा लिहायचं. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की हिंडायचं, माणसांना भेटायचं, फोटो साठवायचे, लेख कमी आले तरी चालतील. वर्षभर महिन्याला दोन हा हिशेब असाच सांभाळायचा, कुठल्या महिन्यात तीन, कुठल्या महिन्यात एक. चवथीला, दिवाळीला आणि तुमच्या गावच्या जत्रेला सुट्टी. ही सुट्टी उद्दिष्टातच लिहून ठेवा, म्हणजे मनाला टोचणी लागत नाही.

जत्रांच्या पानांचा वेबपत्ता (लिंक) रोमन लिपीत ठेवा आणि त्यात साल घालू नका. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक ओळ होते आणि लोक ती उघडायला बिचकतात. साल घातलं तर दर वर्षी नवं पान करावं लागतं. तिथीमुळे इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, तेवढी त्याच पानावर बदलायची. अशी पाच पानं वर्षभरात तयार करणं हे उत्तम उद्दिष्ट आहे. पुढच्या वर्षी प्रत्येकाला अर्धा तास दिला की झालं.

खोलात जाणं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते. 'गोव्यातली गणेश चतुर्थी' या विषयावर शेकडो पानं आहेत, त्यात तुमचं आणखी एक कशाला? पण माटोळी घ्या. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या लाकडी चौकटीला काय काय लागतं: नारळ, सुपारीचे घोस, कांगलं, घागऱ्या, आणखी कितीतरी रानफळं आणि पानं. यातलं सत्तरीच्या रानात काय मिळतं, फोंड्याच्या बाजारात चवथीआधी विकायला बसणाऱ्या बाया ते कुठून आणतात, कोणती वस्तू आता मिळेनाशी झालीय, कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेसाठी लोक किती दिवस रानात हिंडतात. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि गावोगावचं नाव. असा एक लेख लिहायला तुम्हाला महिना लागला तरी लागू दे, त्या महिन्यात दुसरा लेख नको. मुंबईत वाढलेल्या, आता स्वतः माटोळी बांधू पाहणाऱ्या मुलीला तो लेख हवा असतो, आणि ती तो तिच्या सगळ्या घराण्याला पाठवते.

पाठवण्यावरून आठवलं: लेख झाला की तो सगळ्यात आधी त्यात ज्यांची मदत झाली त्यांना पाठवा. बाजारातल्या बाईंच्या मुलाला, देवळातल्या पुजाऱ्यांना, महाजनांच्या ग्रुपवर. ते चूक असेल तर सांगतात, बरोबर असेल तर पुढे पाठवतात. वाचक वाढवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. आणि फोटोंची परवानगी आधी मागा. काही देवळांत गाभाऱ्याचे फोटो चालत नाहीत, तिथं हट्ट करू नये.

आकडे बघायला गुगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या, ते मोफत आहे. तुमचं पान शोधात किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, साधारण कितव्या क्रमांकावर होतं आणि लोकांनी कोणते शब्द टाइप केले होते, एवढं त्यात कळतं. सोळा महिन्यांची माहिती राहते, म्हणजे या चवथीची तुलना गेल्या चवथीशी करता येते. जत्रेच्या आठवड्यात वाचक चढतात आणि मग उतरतात, म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करून खचू नका. रोज उघडू नका, महिन्यातून एकदा पुरे. आठव्यापासून पंधराव्या क्रमांकापर्यंत अडकलेली पानं शोधा आणि दर तीन महिन्यांनी त्यातली दोन दुरुस्त करा: मथळा स्पष्ट करा, लोक विचारतात त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात आणा, कसं पोचायचं ते लिहा, नवे फोटो घाला. लोक 'लईराई'ही लिहितात आणि 'लैराई'ही, काही 'फोंडा' तर काही 'पोंडा' शोधतात. लेखात सहज बसेल तिथे दोन्ही रूपं येऊ द्या. जुना लेख सुधारणं हे नवा लिहिण्याइतकंच काम आहे, त्याला तुमच्या तासांत जागा ठेवा.

राहिला पैशांचा प्रश्न. पहिल्या वर्षी जाहिराती लावू नका असं मी म्हणेन. ॲडसेन्स, म्हणजे गुगलची जाहिरातींची सेवा, मराठी पानांवर चालतं, पण खात्यात १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला टपालानं पिन येतो आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. शे-दोनशे वाचकांवर तिथं पोचायला फार काळ जाईल, तोवर पान जाहिरातींनी भरलेलं दिसेल. मालिका पूर्ण झाली, कायमची पाच पानं तयार झाली आणि एका वर्षाची चवथ दुसऱ्या चवथीशी ताडून बघता आली, की मग अर्ज करा. तेव्हाही पहिलं आर्थिक उद्दिष्ट डोमेनचा वर्षाचा खर्च सुटण्याएवढंच ठेवा.

त्याआधीच एखादी खाणावळ किंवा होमस्टेवाले 'आमच्यावर लिहा' म्हणून विचारतील. जेवण फुकट घेतलंत किंवा पैसे घेतलेत, तर लेखाच्या अगदी वर तसं स्पष्ट लिहा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय परिषदेची (एएससीआय) २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात, आणि गोव्यात तर सगळे एकमेकांना ओळखतात, अशी गोष्ट लपत नाही. देवळांवरच्या लेखांत मात्र असा व्यवहार मुळीच नको. पुजारी आणि महाजन तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात ते तुम्ही त्यातून काही मिळवायला आलेला नाहीत म्हणून.