गाडीच्या काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग पडलेत, कसे काढू?

नुसत्या फडक्याने ते जात नाहीत, कारण बंपरच्या खरखरीत प्लास्टिकच्या बारीक खळग्यांत वॅक्स सुकून बसतं. कोमट पाण्यात कार शाम्पू घालून मऊ टूथब्रशने घासा. तरी राहिलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून मायक्रोफायबर कापडाने पुसा, पण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. शेजारच्या रंगाला लागू देऊ नका, तिथलंही वॅक्स निघेल. पेट्रोल, थिनर अजिबात नको. बरेच जण डागांवरच ट्रिम ड्रेसिंग (प्लास्टिक पुन्हा काळं दिसावं म्हणून लावायचं द्रव) फासतात, ते मला पटत नाही. मुंबईच्या पावसात ड्रेसिंग उतरलं की पांढरं पुन्हा दिसतं. हे काम बिल्डिंगखाली सावलीत, गाडी गार असताना करा. पुढच्या वेळी प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावा.