चाळीस मीटरवर नुसती घरघर येते, सेट बदलू काय?

प्रश्न : दादा, मी हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅम) ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, छोटा रिसीव्हर घरीच जोडलाय, कॉइलपण मीच गुंडाळल्या. पण दिवसभर नुसती घरघर, मधेच कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं आणि परत गायब. अँटेना म्हणून खिडकीतनं एक वायर बाहेर सोडलीय. शेजारी पॉवरलूम आहेत, त्यांचाच त्रास असेल काय? भारीतला सेट घेऊ की कसं, सांगा की. पुढं ट्रान्समीटरपण करायचाय.
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : सेट अजिबात बदलू नका. मधेच का होईना आवाज येतोय म्हणजे तुमचं सर्किट चालतंय, आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइलवर माणसाचा आवाज पकडणं ही लहान गोष्ट नाही. भारीतला सेट आणलात तरी त्याच वायरवर तो तीच घरघर ऐकवेल.

आधी घरघर कुठनं येते ते शोधा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर थांबली तर चोर घरातच आहे, मग एकेक एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा अडॅप्टर लावत जा, सापडतोच. थांबली नाही तर गल्लीतली लाइट जाईल तेव्हा परत ऐका, तेव्हा बंद झाली तर मूळ शेजारीपाजारी कुठंतरी आहे. लूमवर लगेच आळ घेऊ नका, साध्या इंडक्शन मोटरला ब्रश नसतात म्हणून ती फारशी ठिणगी पाडत नाही, शेडमधली एलईडी ट्यूब नाहीतर एखादा ढिला कॉन्टॅक्ट जास्त त्रास देतो.

आता ऑनलाइन ताडून बघा. किवीएसडीआर म्हणजे लोकांनी इंटरनेटवर जोडलेले रिसीव्हर, त्यांच्या नकाशावर ते जगभरचे दिसतात, ब्राउझरमध्येच ऐकता येतात. त्यातला आपल्या जवळातला जवळ निवडून तुमचीच फ्रिक्वेन्सी लावा. तिथं गप्पा स्वच्छ आणि तुमच्याकडे घरघर, म्हणजे बँड उघडा आहे, अडचण तुमच्या जागेची. मात्र दुपारी नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (असाच ऑनलाइन रिसीव्हर) लावून तुलना करू नका, दिवसा वातावरणातला वरचा डी थर ७ मेगाहर्ट्झचे लांबचे सिग्नल शोषून घेतो, त्यामुळे इथं पुणं-बेंगळूरु ऐकू येईल तेव्हा तिथं वेगळीच मंडळी असणार.

खरं काम अँटेनाचं. डायपोल बांधा, म्हणजे मधून केबल जोडलेली दोन सारख्या वायरींची अँटेना. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं, म्हणजे ७.१ ने भागा, साधारण २० मीटर येतात, म्हणजे दोन्हीकडं १०-१० मीटर वायर. मधला भाग गच्चीवर सात-आठ मीटर उंच बांबूला, टोकं दोन बाजूंना उतरती. थोडी जास्तच लांब ठेवा, नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) कुणाकडं मिळाला तर बघून कापत या. अँटेनापासून सेटपर्यंत येणाऱ्या कोॲक्स केबलचे (टीव्हीच्या केबलसारखी, आत तार आणि भोवती जाळी) काही वेढे फेराइट रिंगमधून, म्हणजे काळ्या चुंबकी कड्यातून, काढा, घरातली घरघर केबलच्या जाळीवरनं वर चढते ती तिथं अडते. आणि जॉइंट नीट सील करा, आपल्या पावसात कोॲक्समध्ये पाणी शिरलं की केबल गेलीच. वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर ठेवायची, यात कंटाळा नको.

ट्रान्समीटर मात्र हॅमचं लायसन हातात आल्यावरच. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते, अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर, रिस्ट्रिक्टेड ग्रेड या लायसनच्या प्रकाराला मोर्स (टिंबं-रेघांची संदेशलिपी) लागत नाही. मग हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटेक्स (BITX) हे ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही करणारं सर्किट बघा, साध्या, सहज मिळणाऱ्या पार्टवर उभं केलंय. पहिली टेस्ट डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर, १ किलोओहमचे २० कार्बन रेझिस्टर पॅरलल लावले की बरोबर ५० ओहम होतात, वायरवाउंड (तार गुंडाळलेले) रेझिस्टर मात्र घेऊ नका.