न्यायवैद्यकशास्त्र निवडू पाहणाऱ्या मुलीच्या वडिलांस

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी सध्या एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिप करीत असून, मामाच्या अपघाती मृत्यूनंतर तिने न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करण्याचे मनावर घेतले आहे, आणि ‘एवढे शिकून शेवटी मुडदेच चिरायचे का?’ असे आपण विचारले आहे. त्याच पत्रात आपण लिहिता की मामांसह मोटारीतले दोघेही बाहेर फेकले गेले, गाडी कोण चालवत होते यावरून भरपाईचा दावा अडला, आणि शवविच्छेदन अहवालात ‘डोक्यास गंभीर इजा’ एवढेच होते. तिचा निर्णय कशातून आला, हे मला त्या ओळीत दिसते.

अपघातात मृत्यूचे कारण सांगणे हा शवविच्छेदनाचा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. इजा कशी झाली हे शरीरावरून वाचणे अवघड असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्टचा वळ त्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो आणि शेजारी बसलेल्याच्या छातीवर तो उलट दिशेने उमटतो. दाराची काच फुटली की तिचे बारीक चौकोनी तुकडे होतात आणि चालकाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला लहान, कोनदार जखमा करतात. शेजारच्याला त्या डावीकडे होतात. पादचाऱ्याच्या बाबतीत नडगीचे हाड टाचेपासून किती सेंटीमीटरवर मोडले आहे हे मोजावे लागते, कारण त्यावरून बंपरच्या उंचीचा अंदाज बांधता येतो (ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली झुकते, हेही धरावे लागते). हाडाचा त्रिकोणी तुकडा सुटला असेल, तर त्याचा पाया बहुधा धडक बसलेल्या बाजूला असतो. कपड्यांवरचा रंगाचा कण, कातडीवर उमटलेली टायरची नक्षी, मद्याच्या तपासणीसाठी मांडीच्या शिरेतून घेऊन सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत ठेवलेले रक्त, हे सारे त्याच वेळी टिपले नाही, तर अंत्यसंस्कारानंतर पुन्हा हाती लागत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालील खटला असो वा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा अर्ज, दोन्हींकडे शवविच्छेदनाचा हाच अहवाल वाचला जातो.

ग्रामीण भागात हे काम अनेकदा विशेष प्रशिक्षण न मिळालेल्या, बाह्यरुग्ण विभाग सांभाळून शवागारात धावणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अंगावर पडते. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण म्हणूनच तिच्यासारख्या, मनापासून येऊ पाहणाऱ्या डॉक्टरांची मला फार गरज वाटते.

व्यवहाराचे म्हणाल, तर नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेनंतर अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. स्वतःचा दवाखाना या शाखेवर चालत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापन हाच मुख्य मार्ग आहे. साक्षीसाठी न्यायालयात जावे लागते, वकिलांच्या उलटतपासणीला शांतपणे तोंड द्यावे लागते, आणि दाराबाहेर रडणाऱ्या नातेवाइकांशी बोलावे लागते. यांपैकी शेवटची गोष्ट तिला सर्वांत जड जाईल, कारण त्या दारात ती स्वतः उभी राहिलेली आहे.

म्हणून माझी सूचना एवढीच, की इंटर्नशिप संपण्यापूर्वी विभागप्रमुखांच्या परवानगीने तिने काही दिवस शवविच्छेदनगृहात आणि एक दिवस डॉक्टरांच्या साक्षीच्या वेळी न्यायालयात बसावे. त्यानंतर तिने आपल्याशी स्वतः बोलावे, आणि आपण तिचे पूर्ण ऐकून घ्यावे.