अपॉइंटमेंट घेऊन न येणारे पेशंट: डिपॉझिटच्या आधी एवढं करून बघा

डॉक्टर, तालुक्याच्या गावी दातांचा नवा दवाखाना, दुपारच्या वेळा रिकाम्या जातात, म्हणून आगाऊ डिपॉझिट घ्यावं का असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळल्यावर माझं मत: इतक्यात नको.

आधी न आलेल्यांची नावं काढा आणि ते कशासाठी येणार होते ते बघा. बरेचसे रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगचे निघतील. पहिल्या सिटिंगला ठणका थांबतो आणि पेशंटच्या लेखी काम संपतं. तो खुर्चीतून उठायच्या आत तुम्हीच सांगा, "काका, दुखायचं थांबेल, पण काम अर्धंच झालंय. वर तात्पुरतं सिमेंट आहे, ते निघालं तर आत पुन्हा पू धरेल." हेच मी काउंटरवरून सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि जातात.

दुसरं, केसपेपरवरचा नंबर. आजींच्या नावापुढे पुण्यातल्या मुलाचा मोबाईल असतो. मेसेज त्याला जातो, आजींना पत्ताच नाही. घरात फोन कोण उचलतं ते विचारून तो नंबर लिहा. वेळही आपण ठरवून देऊ नये. गावाकडची शेवटची एसटी पाचची असेल तर साडेचारची वेळ दिल्यावर माणूस तोंडावर 'हो' म्हणतो, नाही म्हणायचा संकोच. येत मात्र नाही.

आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप करा, वयस्करांना फोनच. मेसेजमध्ये 'येतो' किंवा 'वेळ बदला' एवढंच उत्तर मागा. रद्द करणाऱ्याला चुकूनही सुनावू नका. त्याने कळवलं तर ती वेळ दुसऱ्याला देता येते. आणि त्याच मेसेजात बाकी रकमेची आठवण नको. उधारी असलेला पेशंट आधीच तोंड चुकवत असतो.

लंडनच्या बार्ट्स हेल्थच्या रुग्णालयांत एक प्रयोग झाला होता, २०१५ साली छापून आला. एसएमएसमध्ये 'तुम्ही न आल्यास एनएचएसला (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) सुमारे १६० पौंडांचा भुर्दंड पडतो' एवढं वाक्य घातलं, तर न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ वर आलं. पण ते सरकारी पैशातलं रुग्णालय. खासगी दवाखान्यात हे वाक्य लिहिलंत तर 'डॉक्टरांचं नुकसान, आपलं काय' असंच लोक म्हणतील.

एका वेळेला दोघांना बोलवायचा सल्ला इथे कुणीतरी देईलच. दोघंही आले की त्यातला एक जण तासभर ताटकळतो, आणि पुढच्या खेपेला दिलेली वेळ तोही मनावर घेत नाही. त्यापेक्षा 'जागा झाली तर लगेच येतो' म्हणणाऱ्या गावातल्याच लोकांची यादी जवळ ठेवा. दुकानदार, शिक्षक पटकन येतात.

कॅप-ब्रिजला मात्र माप घेतानाच निम्मे पैसे घ्या, कारण पेशंट आला नाही तरी लॅबचं बिल तुम्हालाच भरावं लागतं.